मढवी बाईंची बिनतारी खटपट

मनिषा मढवी या भिवंडीतल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत, आणि गणितातून वेळ उरला की संगणकही शिकवत. संगणक त्यांच्या वाट्याला कसा आला हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. वरून परिपत्रक आलं, मुख्याध्यापकांनी स्टाफरूमवर नजर फिरवली, आणि त्या क्षणी ज्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या त्यांच्याकडे तो विषय गेला. शाळेला संगणक मिळाले होते, पण ते प्लास्टिकच्या आवरणाखाली एका खोलीत होते आणि त्या खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात होती. त्यामुळे संगणक फळ्यावर शिकवला जाई. बाई एक चौकोन काढत आणि त्यात ‘मॉनिटर’ लिहीत. खाली आडवा चौकोन काढून त्यात ‘कीबोर्ड’ लिहीत. शेजारी एक अंडं काढून त्याला शेपूट जोडत, तो माउस. एका पोराने परीक्षेत शेपूट काढलं नाही म्हणून बाईंनी त्याचा अर्धा गुण कापला होता. पुढे बिनशेपटीचे माउस बाजारात आले तेव्हा त्या अर्ध्या गुणाची बाईंना फार रुखरुख लागली. पण तोवर पोरगा पास होऊन दुबईला गेला होता.

सांगायचं ते हे, की संगणकाच्या बाबतीत बाईंना गावात मान होता आणि अनुभव काडीचा नव्हता. अशा स्थितीत शहाणा माणूस घरी संगणक आणत नाही. बाईंनी आणला, आणि त्याचं कारण त्यांचा भाऊ.

त्या वर्षी मे महिन्यात बाईंची आई गेली. बाईंनी लग्न केलं नव्हतं. भिवंडीतल्याच कामतघर भागातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मायलेकी दोघीच राहत, आता एकच राहू लागली. भाऊ सुभाष बडोद्याला. तो दर रविवारी मोबाइलवर फोन करी आणि दर रविवारी तेच बोले.

“ताई, एकटी काय करतेस तिथे? दिवसभर त्या पॉवरलूमची खटखट. फ्लॅट काढून टाकू, ये इकडे. आमची मागची खोली रिकामीच आहे.”

मागची खोली बाईंनी पाहिली होती. तिच्यात सुभाषची जुनी स्कूटर होती. स्कूटर बाहेर काढणार की बाईंनी तिच्या शेजारी राहायचं, हे त्याने कधी स्पष्ट केलं नाही.

एका रविवारी बाईंचा तोल गेला. “मला इथे काही कमी नाही,” त्या म्हणाल्या. “मी लॅपटॉप घेतेय. इंटरनेट घेतेय. दिवाळीनंतर आपण समोरासमोर बोलू, कॅमेऱ्यावर. मग बघ कशी राहते ते.”

“तू? इंटरनेट?” सुभाष हसला. वाईट हसला नाही, भाऊ हसतो तसाच हसला. पण ते हसू बाईंच्या जिव्हारी लागलं. हे जमलं नाही तर आपलं बाकीचंही जमत नाही असंच तो धरणार, आणि मग ती स्कूटर, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

लॅपटॉप त्यांनी देवेश भोईरच्या दुकानातून घेतला. देवेश त्यांचा विद्यार्थी, गणितात काठावर पास झालेला. आता त्याला टक्कल पडायला लागलं होतं, पण बाई दुकानात शिरल्या की तो अजून उभा राही.

“मॅडम, हा घ्या. याच्यात विंडोज नाही, लिनक्स आहे.”

“म्हणजे काय?”

देवेशने थोडा विचार केला. “व्हायरस येत नाही.”

हे अगदी खरं निघालं. व्हायरस आला नाही. दुसरंही काही आलं नाही.

इंटरनेट यायचं ते टेलिफोनच्या तारेतून, आणि टेलिफोन होता आईच्या खोलीत. आईने शेवटची काही वर्षं अंथरुणावर काढली होती. फोन तिच्या उशाशी असे आणि तिथून ती सगळा कारभार बघे. बाई वर्गात प्रमेय सिद्ध करत असताना शिपाई येऊन सांगे, “बाई, घरून फोन.” बाई धावत जात. आई विचारी, “मोरीतला दिवा चालू ठेवून गेलीस का?” आई गेल्यावर बाईंनी त्या खोलीचं दार लोटून घेतलं होतं. कुलूप नव्हतं, कडीही नव्हती. नुसतं लोटलेलं. काही दुपारी आत फोन वाजायचा. बाई हॉलमध्ये वह्या तपासत बसलेल्या असायच्या. त्या हातातली वही पूर्ण होईतो मान वर करत नसत. तोवर फोन थांबायचा. जाहिरातवाले असतील, असं त्या स्वतःला सांगत.

तर पहिला बेत असा, की फोनची जोडणी त्या खोलीतून हॉलमध्ये आणायची. बाई टेलिफोनच्या ऑफिसात गेल्या. खिडकीमागे एक सज्जन गृहस्थ बसले होते.

“फोन कुणाच्या नावावर?”

“आईच्या.”

“मग अर्जावर त्यांची सही लागेल.”

“ती गेली.”

“हरकत नाही. कधी येतील?”

विचारून झाल्यावर गृहस्थांच्या लक्षात आलं तसे ते एवढे ओशाळले, की उठून बाहेर आले आणि बाईंना बसायला स्वतःची खुर्ची दिली. मग स्वतः उभं राहून त्यांनी समजावून सांगितलं. आधी फोन बाईंच्या नावावर व्हायला हवा. त्यासाठी दाखला लागेल आणि दुसऱ्या वारसाची ना-हरकत.

दुसरा वारस म्हणजे सुभाष. ज्याच्या मदतीशिवाय हे सगळं उभं करून दाखवायचं त्याचीच परवानगी.

“आणि ब्रॉडबँड?” बाईंनी विचारलं.

“ते लगेच मिळेल,” गृहस्थ उजळले. “त्याला काहीच लागत नाही. तुमच्या आई जुन्या ग्राहक आहेत, बिल कधी थकवलं नाही. त्यांना योजना लागू आहे.”

अशा रीतीने इंटरनेट आलं आणि ते आईच्या नावावर आलं. जिने आयुष्यात फोनच्या बटणांपलीकडे कशाला हात लावला नाही, ती मेल्यावर ब्रॉडबँडची ग्राहक झाली. तार बसवायला आलेल्या लाइनमनला बाईंनी दारातूनच खोली दाखवली. त्याने आईच्या औषधांच्या टेबलावर एक शिंगवाला डबा ठेवला. “हा बिनतारी आहे. कुठंही बसा घरात, चालेल,” तो म्हणाला. “फक्त फोनच्या वायरीला लावायचा एक तुकडा स्टॉकमध्ये नाही. तोवर फोन उचलू नका, नेट तुटेल.”

“फोन कोण उचलतंय,” बाई म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

बाईंच्या दृष्टीने प्रश्न उत्तम सुटला होता. डबा आत राहील, त्या बाहेर राहतील, आणि मधली भिंत ओलांडायचं काम लहरी करतील. त्यांनी हॉलमधल्या टेबलावर लॅपटॉप उघडला, देवाला नमस्कार केला. पडद्याच्या कोपऱ्यात नेटवर्कचं चिन्ह होतं. त्यावर लाल फुली होती. मुलांच्या वह्यांवर बाई मारत तशीच, त्याच कोनातली.

देवेशने दुकानातल्या धुळीतून लिनक्सचं एक इंग्रजी पुस्तक काढून दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की आता काळी खिडकी उघडा आणि हुकूम लिहा. बाईंनी लिहिला. खिडकी म्हणाली, ‘पर्मिशन डिनाइड.’

आपल्या घरात, आपल्या टेबलावर, आपण विकत घेतलेल्या वस्तूने आपल्याला परवानगी नाकारावी, हे बाईंना पचायला वेळ लागला. मुख्याध्यापकांनीसुद्धा त्यांना इतक्या थोड्या शब्दांत कधी नकार दिला नव्हता. पुस्तक म्हणालं, हुकमाच्या आधी ‘सुडो’ लिहा, म्हणजे मालकाचा अधिकार मिळतो. लिहिलं. तेव्हा त्याने पासवर्ड मागितला. बाई पासवर्ड टाइप करू लागल्या आणि पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही. बाईंनी जोर लावून टाइप केलं. मग हळू केलं. मग कीबोर्ड उलटा करून झटकला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून त्या देवेशकडे गेल्या.

“कीबोर्ड गेलाय.”

देवेशने करून पाहिलं. त्यालाही काही दिसलं नाही. “गेलाय,” तो म्हणाला, आणि त्याने दुसरा, बाहेरून लावायचा कीबोर्ड दिला. त्यावरही काही उमटलं नाही. मग दोघांनी मिळून पुस्तक वाचलं तेव्हा कळलं, की या यंत्रात पासवर्ड टाइप करताना काही दिसूच नये अशी सोय आहे. बाजूला कुणी चोरून बघत असेल म्हणून. बाईंना खिन्न वाटलं. त्यांच्या घरात बाजूला कोण होतं?

“मॅडम, सोडा ना हे,” देवेश म्हणाला. “विंडोजची कॉपी टाकून देतो. सगळे तेच करतात.”

“कॉपी?” बाई म्हणाल्या.

त्यांनी तो शब्द परीक्षेच्या हॉलमधल्या आवाजात म्हटला. देवेश उभा राहिला. त्याचा हात आपोआप बाहीकडे गेला. नंतर त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

एव्हाना बिल्डिंगला बातमी लागली होती. मढवी बाईंकडे काहीतरी बिनतारी आलंय आणि चालत नाही, एवढं कळल्यावर कोण घरी बसेल? पहिले आले समोरचे अन्सारीभाई. त्यांचे चार गल्ल्या पलीकडे लूम होते आणि बंद पडलेलं कुठलंही यंत्र म्हणजे लूमचीच एक जात, असं ते मानत. बाईंनी पुस्तकाप्रमाणे हुकूम दिला. यंत्राने उत्तर दिलं, ‘नो वायरलेस एक्स्टेन्शन्स.’

अन्सारीभाईंनी चष्मा वर केला. “बाई, ये तो साफ बोल रहा है. एक्स्टेन्शन नहीं है. बोर्ड पाहिजे त्याला.”

“तसं नसेल हो ते.”

“अरे, लिखा है ना सामने!” त्यांनी घरून इलेक्ट्रिकचा लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड आणला आणि लॅपटॉपला त्यावर लावला. काही झालं नाही. त्यांनी बोर्ड काढून नेला नाही. “कामाला येईल” म्हणून तसाच ठेवला. पुढे कित्येक दिवस बाई हॉलमधून जाताना त्यात पाय अडकवत होत्या.

मग आले सोसायटीचे चेअरमन, बाळाराम तरे. राहनाळला त्यांच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली होती, त्यामुळे त्यांना उंच पत्रे, उंच खांब आणि उंच ट्रक यांची सवय होती. त्यांनी आल्या आल्या निदान केलं.

“बाई, सिग्नलला उंची लागतं. डबा खाली हाय म्हनून पोचत न्हाय. गच्चीवर खांब टाकू.”

“डबा घरातच ठेवायचा असतो, तरेसाहेब.”

“मंग मागं परात लावा. सिग्नल मागं फुकट जातंय, तो पुढं फेकंल.”

त्यांनी स्वतःच्या घरून लग्नकार्यातली अॅल्युमिनियमची परात आणली. ती लावायला खोलीत जावं लागणार होतं. बाई दाराशी थांबल्या. “तुम्हीच लावा,” त्या म्हणाल्या. तरे आत गेले, परात डब्यामागे उभी केली, आणि बाहेर येताना आवाज खाली आणून म्हणाले, “पलंग तसाच ठेवलाव.” मग त्यांनी गच्चीवरच्या खांबाचा विषय पुन्हा काढला. बाईंना ते बरंच वाटलं.

परातीनेही फुली हलली नाही. पण या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट अशी झाली, की संध्याकाळी दारावरची बेल वाजू लागली. कुणी विचारायला येई, “आलं का?” कुणी सांगायला येई, की त्याच्या मेहुण्याकडे असंच झालं होतं आणि मेहुण्याने शेवटी संगणक विकला. बाई चहा टाकत. माणसं गेली की कप विसळत. मग लूमची खटखट पुन्हा ऐकू येऊ लागे. माणसं असताना ती ऐकू येत नसे, हे बाईंच्या प्रथमच ध्यानात आलं.

शेवटी पुस्तकाच्या मागच्या पानांत रोग सापडला. लॅपटॉपच्या पोटात जी बिनतारीची चिप होती, तिला चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम या यंत्रात नव्हता. तो उतरवून घ्यायचा होता. बाईंनी पुस्तकाने सांगितलेल्या जागी क्लिक केलं. पडद्यावर नम्र सूचना आली, की इंटरनेटला जोडण्यासाठी लागणारा ड्रायव्हर इंटरनेटवर आहे, तेव्हा कृपया आधी इंटरनेटला जोडा.

बाईंनी हे दोनदा वाचलं. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलेलं पाहून त्या शून्य गुण देत आल्या होत्या. इथे गुण द्यायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता.

देवेशने ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणून दिला. तो विंडोजचा निघाला. लॅपटॉप दुकानात नेऊन तारेने जोडू म्हटलं, तर त्याचं इंटरनेट केबलवाल्याने एकाच यंत्राला बांधून दिलेलं होतं, दुसरं लावलं की बंद पडे. शाळेतल्या खोलीत इंटरनेट नव्हतं, आणि असतं तरी किल्ली होती मुख्याध्यापकांच्या खिशात.

“मॅडम, तुमच्याच डब्याला वायर लावा ना,” देवेश म्हणाला. “डबा घरात आहे, वायर डब्याच्या खोक्यात आहे. एकदा बसायचं तिथे, उतरवून घ्यायचं, संपलं. इतके दिवस का नाही केलं?”

“करते,” बाई म्हणाल्या आणि छत्री विसरून निघाल्या.

दिवाळीची सुट्टी लागली होती. एका दुपारी जेवण झाल्यावर बाईंनी ओटा पुसला. मग परत पुसला. मग लॅपटॉप उचलला आणि दार ढकललं.

खोलीत काही झालेलं नव्हतं. हेच त्यांना सहन होईना. चादर ताणलेली होती, बामची बाटली टेबलावर होती, तिच्याशेजारी दिवे लुकलुकवत तो डबा, आणि डब्यामागे देवाच्या मखरासारखी तरेंची परात. बसायला जागा पलंगावरच. वायर एवढी आखूड होती, की पलंगाच्या उशाकडच्या टोकाला बसल्याशिवाय ती पोचेना. आई बसे तिथेच. बाई अगदी कडेवर, पाहुणीसारख्या बसल्या, वायर खोचली आणि क्लिक केलं.

लाल फुली गेली. पडद्यावर एक पट्टी आली आणि ड्रायव्हर उतरू लागला. भिवंडीत इंटरनेट ज्या चालीने येई, त्या चालीने. पट्टी पुढे सरकतेय की आपल्याला भास होतोय हे ठरवायला बाईंनी पडद्याच्या कडेला पेन्सिल धरून पाहिली. सरकत होती. बघता बघता त्यांची पाठ भिंतीला टेकली. मग पाय वर आले. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसत होती आणि तिथे कुणाचे तरी पापड वाळत होते. आई दिवसभर हेच बघायची का? त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

पट्टी शेवटाला आली होती. एवढासा तुकडा उरला होता, आणि फोन वाजला.

लाइनमनने सांगितलेलं बाईंना आठवत होतं. फोन हाताच्या अंतरावर होता. तो वाजत राहिला. बाईंच्या हातात या वेळी वही नव्हती. त्यांनी रिसीव्हर उचलला.

“हॅलो.”

“बाय गो! किती दिस लावतंय मी! उचलीत का न्हाईस? रुसलीस माझ्यावर?”

एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. मागे कोंबड्या आणि एसटीचा हॉर्न.

“कोण बोलतंय?”

“कोन म्हंजे? हौसा. गनेशपुरीची. आवाज का असा तुझा? सर्दी झाली?”

बाईंनी घसा साफ केला. “मी त्यांची मुलगी बोलतेय. आई मे महिन्यात गेली.”

पलीकडे कोंबड्या तेवढ्या बोलत राहिल्या.

“मी म्हनतंच होते,” आवाज शेवटी आला. “मंग तू मनी. मास्तरीन.”

“हो. तुम्ही आईला कशा ओळखता?”

“मी वाडा गावाला भावाला लावत होते फोन. लागला तुमच्याकडं. मी म्हटलं, राँग नंबर. ती म्हनाली, राँग तं राँग, जेवलीस का? तवापासून लावतंय. लई वर्सं झाली.”

बाई फोनची वायर बोटाला गुंडाळत होत्या. आई बोलतेय हे त्यांनी बाहेरून अनेकदा ऐकलं होतं. कोणाशी, असं विचारलं की आई म्हणे, “आहे एक.”

“मना सांग,” हौसाबाई म्हणाल्या, “आता मी कुनाला फोन लावू?”

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“मला लावा,” त्या म्हणाल्या.

“तू उचलशील?”

“उचलीन.”

फोन ठेवला तेव्हा पडद्यावर लाल फुली परत आली होती. कनेक्शन तुटलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा, असं यंत्र सांगत होतं. बाईंनी लॅपटॉप बाजूला सरकवला आणि मे महिन्यापासून राहून गेलेलं रडून घेतलं. मुलीने रडावं तसं, नाक ओढत, उशी तोंडाशी धरून. मधेच वीज गेली. सगळ्या कामतघरातले लूम एकदम थांबले, आणि त्या शांततेत आपलं रडणं जिन्यापर्यंत ऐकू जाईल म्हणून बाईंना ते आवरावं लागलं. वीज येईपर्यंत त्या तिथेच झोपून गेल्या.

ड्रायव्हर दुसऱ्या प्रयत्नात उतरला. बाईंनी यंत्र बंद करून चालू केलं, हॉलमध्ये नेलं, आणि बिनतारी तरीही लागलं नाही. आता त्यांना राग येण्याइतकंही बळ नव्हतं. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि कडेची धूळ पदराने पुसायला घेतली. पुसता पुसता समोरच्या कडेवरची एक चिमुकली खिट्टी सरकली आणि निळा दिवा लागला. ती खिट्टी झाकण बंद राहावं म्हणून असेल, असं बाई पहिल्या दिवसापासून समजत होत्या. ते बिनतारीचं बटण होतं.

म्हणजे चूक ड्रायव्हरची होती, की बटणाची, की दोन्हींची? शास्त्राच्या दृष्टीने प्रयोग उलट करून पाहायला हवा होता. बाईंनी तो पाहिला नाही. बिल्डिंगमध्ये मात्र दोन तट पडले. अन्सारीभाई म्हणत, बोर्ड लावल्यापासून करंट नीट जातोय. तरे म्हणत, परातीचा गुण, फक्त चढायला वेळ लागला.

रविवारी सुभाष पडद्यावर दिसला.

“ताई, मला नुसता पंखा दिसतोय.”

बाईंनी झाकण वाकवलं.

“आता कपाळ दिसतंय. हां, थोडं मागे हो. अरे वा! स्वतः केलंस सगळं?”

“स्वतः केलं.”

“कमाल आहे.” तो खरंच थक्क झाला होता. त्याने बायकोला हाक मारून दाखवलं. तिने हात हलवला, पंख्यावर धूळ फार झाल्याचं सांगितलं. फ्लॅटचा, मागच्या खोलीचा विषय कुणी काढला नाही. “बरं मग, पाहुणे येतायत. पुढच्या रविवारी,” सुभाष म्हणाला, आणि पडदा निळा झाला.

बाई जिंकल्या होत्या. कोपऱ्यातल्या चिन्हाच्या सगळ्या रेषा भरलेल्या होत्या. आता सगळ्या जगाशी बोलता येणार होतं. त्यांनी जगाशी काय बोलावं याचा विचार केला. बाहेर लूम खटखटत होते. त्यांनी लॅपटॉप मिटला.

सुट्टी संपायच्या आत एका सकाळी त्या गणेशपुरीच्या एसटीत बसल्या. वाटेत दोन्ही अंगांना भाताची कापणी चालू होती. हौसाबाईंनी फोनवर सांगितलेली, आश्रमाच्या वाटेवरची त्यांची फुलं-नारळाची टपरी शोधायला त्रास पडला नाही. टपरीत एक वाळकी, ठेंगणी म्हातारी हार ओवत बसली होती. बाई समोर उभ्या राहिल्या. फोनवर सोपं होतं.

“मी मनी,” त्या म्हणाल्या.

हौसाबाईंनी सुई-दोरा खाली ठेवला. त्यांनी बाईंचं तोंड दोन्ही हातांत धरून नीट पाहिलं.

“तू आयशीवर न्हाय गेलीस.”

“तुम्ही आईला पाहिलं होतं?”

“न्हाय गं. कदी न्हाय. पन ती सांगायची ना. उंच, गोरी, केस गुडघ्यापातुर. रोज सांजची तळ्यावर चालाया जायची, देवीच्या. परतताना तिथंच बसायची घटकाभर, मंग घरी येऊन मना फोन. मी म्हनायची, या वयात काय पाय तुझे! आमचे बघ, गुडघे गेले.”

बाई टपरीतल्या खोक्यावर बसल्या. आई उंच नव्हती. गोरी नव्हती. केस शेवटी शेवटी बाईंनीच कापून आखूड केले होते, विंचरायला सोपं जावं म्हणून. आणि वऱ्हाळदेवीचं तळं तिने पलंग धरल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं. खिडकीतून दिसत होते ते शेजारच्या गच्चीवरचे पापड.

“असंच होतं ना?” हौसाबाईंनी विचारलं. “मी मनात तिला तशीच ठेवलीय.”

शेजारच्या टपरीवाल्याने न सांगता चहा आणून ठेवला. बाईंनी कप हातात घेतला. चहा गरम होता, त्यांनी फुंकर मारली.

“हो,” त्या म्हणाल्या. “तळ्यावर रोज जायची. पाऊस असला तरी. मला म्हणायची, तू हळू चालतेस, तू मागून ये.”

“आन तू जायचीस?”

“जायचे ना. मागून.”

हौसाबाईंनी समाधानाने मान हलवली आणि हार पुन्हा हातात घेतला. “आन तिथं बसून काय बोलायची? सांग.”

बाईंनी खोकं टपरीच्या सावलीत ओढून घेतलं आणि सांगायला सुरुवात केली.